इतर उत्पन्न

मुनाफ म्हसलाई दर तिमाहीला येतो,
कौशाहून खारेगावला, स्कूटरवर,
पायांत बिलांची पिशवी धरून.
पिशवी उघडली की माझ्या काळ्या कीबोर्डवर
मैदा सांडतो,
आणि आठवडाभर बटणांखाली राहतो.

पहिल्या वर्षी त्याला समजावलं:
पावावर कर नाही.
तोच पाव उरला, कापला, पुन्हा भट्टीत घातला
की टोस्ट. टोस्टावर कर.
तो बराच वेळ गप्प.
मग म्हणाला, म्हणजे माल शिळा झाला
की सरकारला वास लागतो.
मी हसले नाही. त्याने विनोद केला नव्हता.
दुसऱ्या दिवसापासून भट्टीशेजारी दोन वह्या,
एक पहिल्या भाजणीची, एक दुसरीची.

जकात त्याला तोंडपाठ.
चाळिसातला एक.
रमजानात मैद्याची पोती मोजतो, डालड्याचे डबे,
येणारी उधारी आणि बुडालेली उधारी,
मला काही विचारत नाही.
त्याचं वर्ष चंद्राचं, माझं मार्चचं.
तुमच्या तेहेतीस वर्षांत आमची चौतीस होतात, मॅडम,
म्हणजे एका वर्षाचं देणं जादा,
हे त्याने कॅल्क्युलेटर न घेता सांगितलं.

मग पासबुक.
चार हजार तीनशे बारा रुपये,
बँकेने आपणहून टाकलेलं व्याज.
हे माझे नाहीत.
मशिदीलाही देत नाही हे.
गल्लीतल्या संडासाची कडी, नळ, एक बल्ब,
ही पावती. सवाब मोजायचा नाही ह्याचा.
म्हटलं, मुनाफभाई,
फॉर्मात हे तुमचंच. इतर उत्पन्न.
जे माझं नाही, त्याचा कर माझा?
हो.
त्याने भरला.
पावाच्या गल्ल्यातून, सुट्टे मोजून.

भट्टीचं मात्र चुकलं.
तिकडच्या बिनव्याजी पतपेढीने
सहा लाखांची भट्टी आधी स्वतः घेतली,
मग त्याला विकली, छत्तीस हप्ते,
वर नफा, पहिल्या दिवशी बोलून ठरलेला,
उशीर झाला तरी न वाढणारा.
त्याच्या मनाला पटलेलं, दोन साक्षीदारांच्या सह्या.
पण मूळ बिल पतपेढीच्या नावावर,
पतपेढीची जीएसटी नोंदणी नाही,
आणि बिलावरचा एक लाख आठ हजारांचा कर
तिथेच जिरला.
बँकेचं कर्ज काढून स्वतःच्या नावावर घेतली असती
तर वजावट मिळाली असती.
तो टेबलावरचा मैदा बोटाने गोळा करत राहिला.
म्हणजे व्याज न देण्याचं व्याज,
तो म्हणाला, आणि लगेच, तौबा.

मला आधी विचारायचं होतंत.
विचारायचं असतं हेच कुठे माहीत होतं, मॅडम?

ह्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.
भिंतीवर माझं प्रमाणपत्र होतं.

आज नोटीस घेऊन आलाय.
बायकोचं ऑपरेशन कळव्याच्या हॉस्पिटलात,
विवरण अकरा दिवस उशिरा.
दोनशे बारा रुपये.
ह्याला दंड म्हणता येईल का?
दंड भरतो मी. दुप्पट भरतो.
मी स्क्रीन त्याच्याकडे वळवली:
कर, व्याज, दंड, शुल्क, चार रकाने,
आणि आकडा कुठे पडायचा ते आधीच ठरलेलं.
तुम्ही भरा, तो म्हणाला,
आणि खिडकीतून खाडीकडे बघत बसला.

मी भरलं.
माझ्या घराच्या हप्त्यात
मुद्दल किती नि व्याज किती,
ते मी सतरा वर्षं पाहिलेलं नाही,
हे त्याला सांगितलं नाही.

जाताना टोस्टाचा पुडा ठेवला.
फी घेता, मग हे फुकट कसं,
म्हणून सोबत बिल. अर्धा किलो. कर बरोबर लावलेला.
मी पैसे दिले.

घरी वजन केलं, उगाच.
साडेसातशे ग्रॅम भरलं.
हे जास्तीचं
कुठे दाखवायचं?